गृहभट्टीवरील शीतन वेटोळे

थंड हवामानाच्या प्रदेशांतील घरांत हिवाळ्यात ऊब देणाऱ्या मध्यवर्ती भट्टीच्या हवामार्गात बसविलेले व त्याच भट्टीच्या पंख्याच्या आणि वाहिन्यांच्या साहाय्याने उन्हाळ्यात सर्व घर थंड करणारे नळ्यांचे वेटोळे. व्यवहारात त्यास नुसते ‘कॉइल’ किंवा त्याच्या आकारावरून ‘ए-कॉइल’ म्हणतात. या पद्धतीचा प्रसार मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत झालेला आहे. तेथील बऱ्याच भागांत हिवाळा व उन्हाळा हे दोन्ही ऋतू तीव्र असतात. उदा., मिनीॲपोलिस येथे जानेवारीत तापमान –२०° से.च्या खाली जाते, तर जुलैमध्ये ते ३०° से.च्या वर चढते. तापन व शीतन यांसाठी एकाच घरात दोन स्वतंत्र वाहिन्या बांधणे खर्चाचे असल्याने दोहोंसाठी एकच हवामार्ग वापरणे सोयीचे ठरले.

या सोयीतच धोक्याचेही मूळ आहे. वेटोळ्याचा उपयोग उन्हाळ्यापुरता असला, तरी ते बाराही महिने भट्टीच्या हवामार्गात उभे असते. ते चुकीच्या जागी वा चुकीच्या रीतीने बसविल्यास उन्हाळ्यात बहुधा गैरसोय व नुकसान होते. हिवाळ्यात मात्र त्याच चुकीमुळे विषारी वायू घरात पसरण्याचा संभव असतो. म्हणून वेटोळे बसविणे हे शीतनाइतकेच भट्टीचेही काम समजावे लागते.

इतिहास : आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील एका छापखान्यातील हवेची आर्द्रता नियंत्रित करण्यासाठी तयार केलेल्या योजनेपासून मानला जातो [⟶ वातानुकूलन]. १९१४ मध्ये मिनीॲपोलिस येथील चार्ल्स गेट्स यांच्या हवेलीसाठी घरगुती वातानुकूलन यंत्र पुरविण्यात आले. त्याची लांबी सु. ६ मी. व उंची सु. २ मी. होती. टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील प्रशीतके शोधून काढली. ही प्रशीतके ज्वलनशील नसल्याने आणि त्यांची विषाक्तता अल्प असल्याने घरगुती यंत्रांचा मार्ग मोकळा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या घरांत पंख्याने हवा खेळविणाऱ्या भट्ट्या सर्रास बसविल्या जाऊ लागल्या व त्यांवर शीतन वेटोळे चढविण्याची प्रथा वाढत गेली. २०२० मधील घरगुती ऊर्जावापराच्या शासकीय सर्वेक्षणानुसार संयुक्त संस्थानांतील सु. ८८% कुटुंबे वातानुकूलन वापरतात व त्यांतील बहुसंख्य कुटुंबांकडे मध्यवर्ती पद्धती आहे.

महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज सहसा भासत नाही. त्यामुळे येथे भट्टी नसते आणि खिडकीत वा भिंतीवर बसविलेले स्वतंत्र वातानुकूलन यंत्र पुरेसे होते. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र तळघरातील भट्टी व तिच्या डोक्यावरील वेटोळे यांचा परिचय नव्यानेच करून घ्यावा लागला.

रचना व कार्य : भट्टीत नैसर्गिक वायू, प्रोपेन किंवा खनिज तेल जाळले जाते. ज्वलनातून निघालेले उष्ण वायू पत्र्याच्या बंद पोकळ्यांतून जाऊन धुराड्यावाटे घराबाहेर पडतात. या पोकळ्यांच्या संचास उष्णता-विनिमयक म्हणतात. पंखा घरातील हवा परतीच्या वाहिनीतून ओढून विनिमयकाच्या बाह्य पृष्ठावरून ढकलतो. तापलेली हवा भट्टीच्या तोंडावरील पत्र्याच्या हवापेटीत जाते व तेथून पुरवठ्याच्या वाहिन्यांवाटे खोल्यांत पोहोचते. माणसे ज्या हवेत श्वास घेतात ती हवा आणि ज्वलनाचे वायू यांच्यामध्ये विनिमयकाच्या पातळ पत्र्याचीच काय ती भिंत असते. ती अखंड राहणे हे भट्टीच्या सुरक्षिततेचे सार होय.

शीतन वेटोळे तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे असून त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या जवळजवळ बसविलेल्या असतात. नळ्यांचे दोन फलक माथ्याशी जोडून तळाशी फाकविले म्हणजे रोमन ‘ए’ अक्षरासारखा आकार होतो व कमी जागेत अधिक पृष्ठफळ मिळते. घराबाहेर ठेवलेल्या संचात संपीडक व संघनक असतात. तेथून द्रवरूप प्रशीतक बारीक नळीतून आत येते, प्रसरण झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो व ते वेटोळ्यात सु. ४° ते ७° से. तापमानाला उकळू लागते. त्यासाठी लागणारी उष्णता ते भोवतालच्या हवेतून घेते. वाफ झालेले प्रशीतक उष्णतारोधक आवरण असलेल्या जाड नळीतून संपीडकाकडे परत जाते [⟶ प्रशीतन]. घरातील हवा २४° से. तापमानाची व ५०% सापेक्ष आर्द्रतेची असल्यास तिचा दवबिंदू सु. १३° से. असतो. वेटोळ्याचा पृष्ठभाग त्याहून थंड असल्याने हवेतील बाष्पाचे त्यावर पाणी होते व ते खालच्या तबकात गोळा होते.

स्थान : वेटोळ्याची जागा हा या कामातील पहिला व सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पाहिल्यास वेटोळे भट्टीच्या पुढे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूस, असावे लागते. भट्टीतून हवा वर जात असल्यास ते भट्टीच्या माथ्यावर येते, खाली जात असल्यास भट्टीच्या तळाशी व आडव्या भट्टीत तिच्या शेजारी येते. वेटोळे परतीच्या बाजूस बसविल्यास उन्हाळाभर थंड हवा उष्णता-विनिमयकावरून वाहते. विनिमयकाच्या आतील पोकळ्या धुराड्याशी जोडलेल्या असल्याने तेथे शिरलेली दमट हवा थंड पत्र्याला लागून तिचे आतल्या बाजूस दव धरते. पत्रा गंजू लागतो आणि काही उन्हाळ्यांनंतर त्यास भोके वा भेगा पडतात. ही झीज बाहेरून दिसत नाही. ती हिवाळ्यात भट्टी पेटविल्यावरच बाधू लागते. अमेरिकेतील इंधनवायूविषयक संहितेने म्हणूनच वेटोळे भट्टीच्या पुढे किंवा तिला समांतर अशा वेगळ्या मार्गात बसविण्याचा दंडक घातला आहे. थंड हवा सोसण्यासाठी खास बनविलेल्या व तशी अधिकृत नोंद असलेल्या भट्ट्यांचाच त्यास अपवाद आहे. समांतर मार्ग असल्यास एका मार्गाची हवा दुसऱ्यात शिरू नये यासाठी झडपा ठेवाव्या लागतात.

पुरवठ्याच्या बाजूस बसविलेले वेटोळे हिवाळ्यात उष्ण हवेच्या झोतात सापडते. त्यामुळे तबक प्लॅस्टिकचे असल्यास ते उष्णता-विनिमयकापासून निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर ठेवावे लागते. विशेषतः तेलावर चालणाऱ्या भट्टीवर हे अंतर न राखल्यास तबक वाकडे होऊन गळू लागते. वेटोळ्यातील प्रशीतकाचा दाब मात्र या उष्णतेने सहसा अवाजवी वाढत नाही. कारण ते नळीवाटे बाहेरील थंड संचात जाऊन साठते व बंद मंडलातील दाब त्यातील सर्वांत थंड जागेच्या तापमानावर अवलंबून असतो.

आकारमान व हवेचा प्रवाह : वेटोळ्याची क्षमता बाहेरील संचाच्या क्षमतेशी जुळावी लागते. क्षमता ‘टन’ या एककात सांगतात. एक टन म्हणजे सु. ३.५२ किवॉ. दर टनास मिनिटाला सु. ११ घ.मी. हवा वेटोळ्यावरून जावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. दमट प्रदेशांत अधिक बाष्प काढण्यासाठी हे प्रमाण १० घ.मी.पर्यंत खाली आणतात. म्हणजे तीन टनांच्या यंत्रणेला मिनिटाला ३० ते ३४ घ.मी. हवा लागते.

वेटोळे हा हवेच्या वाटेतील अडथळा आहे. हिवाळ्यापुरत्या बांधलेल्या जुन्या घरांतील वाहिन्या अरुंद असतात व पंखाही लहान असतो. अशा ठिकाणी मोजमाप न करता वेटोळे चढविल्यास प्रवाह अपुरा पडतो. उन्हाळ्यात त्यामुळे वेटोळ्यावर बर्फ धरतो व द्रवरूप प्रशीतक संपीडकात जाऊन त्याची मोडतोड होऊ शकते. हिवाळ्यात परिणाम अधिक गंभीर असतो. उष्णता पुरेशा हवेने वाहून नेली जात नाही, हवेच्या तापमानातील वाढ भट्टीच्या पाटीवर दिलेल्या मर्यादेबाहेर जाते आणि तापमर्यादा-स्विच वारंवार ज्योत बंद करू लागतो. पत्रा पुनःपुन्हा अति तापून निवत राहिल्याने त्यात भेगा पडण्याचा संभव असतो. म्हणून वेटोळे बसविण्यापूर्वी व नंतर हवापेटीतील स्थितिक दाब मोजावा लागतो. पुष्कळ भट्ट्यांचे पंखे एकूण सु. १२५ पास्काल बाह्य दाबासाठी आखलेले असतात. वेटोळे, गाळणी व वाहिन्या या सर्वांचा विरोध त्यात सामावला पाहिजे. ओले वेटोळे कोरड्यापेक्षा अधिक विरोध करते, हेही हिशेबात धरावे लागते.

मोठे वेटोळे व मोठे यंत्र म्हणजे अधिक सुख, ही समजूत चुकीची आहे. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा चटकन थंड करून थांबते. त्यामुळे बाष्प पुरेसे निघत नाही व घर थंड पण दमट राहते. याकरिता खोल्या, खिडक्या, भिंतींचे उष्णतारोधन व स्थानिक हवामान यांवरून शीतनाचा भार आधी काढतात.

पत्र्याचे काम : काम सुरू करण्यापूर्वी भट्टीचा इंधनपुरवठा व विद्युत् पुरवठा बंद करून तो कोणी चुकून चालू करणार नाही, अशी व्यवस्था करतात. बाहेरील संचातील धारित्रात वीज बंद केल्यावरही विद्युत् भार शिल्लक राहतो. तो सुरक्षितपणे काढल्याखेरीज तेथे हात लावू नये. नंतर हवापेटी कापून वेटोळ्याच्या पेटीइतकी जागा करतात. या वेळी उष्णता-विनिमयक उघडा पडतो व तो तपासण्याची ही उत्तम संधी असते. त्यात गंज, काजळी वा भेग दिसल्यास पुढील काम थांबवून भट्टीच बदलणे इष्ट ठरते. सदोष भट्टीवर नवे वेटोळे चढविणे म्हणजे दोष झाकून ठेवणे होय.

पेटी सर्व बाजूंनी पातळीत बसवितात. स्क्रू मारताना ते नळ्यांत, तबकात किंवा विनिमयकात घुसणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. सांधे लुकणाने किंवा उष्णता सोसणाऱ्या धातूच्या चिकटपट्टीने हवाबंद करतात. काम करताना परतीच्या वाहिनीचे सांधे ढिले झाल्यास तेही बुजवावे लागतात. कारण ती बाजू पंख्याच्या ओढीखाली असते आणि फटीतून तळघरातील हवा, तसेच शेजारच्या पाणी तापविण्याच्या उपकरणाचे धुराड्यात जाणारे वायूही आत ओढले जाऊ शकतात. वेटोळ्यास जागा व्हावी म्हणून धुराडे किंवा इंधनवायूची नळी वाकविणे वा सरकविणे हे स्वतंत्र व जोखमीचे काम असून ते अधिकृत तंत्रज्ञानेच करावयाचे असते.

पाण्याचा निचरा : निचऱ्याचे पाणी किरकोळ नसते. तीन टनांच्या यंत्रणेची एक-चतुर्थांश क्षमता बाष्प काढण्यात खर्च होत असेल, तर तासाला सु. ४ लि. पाणी जमते. ते भट्टीत ठिबकल्यास विनिमयक, ज्वालक व विद्युत् नियंत्रणे गंजतात. म्हणून तबक निचऱ्याच्या तोंडाकडे किंचित उतरते ठेवतात व नळीस लांबीच्या सु. एक शतांश उतार देतात. नळीत पाणी धरून ठेवणारा बाक ठेवल्यास हवापेटीतील हवा त्या वाटेने बाहेर पडत नाही. नळी तुंबल्यास पाणी ओसंडून नुकसान होणार असेल, तेथे दुसरी निचरा-वाट किंवा तरंड्यावर चालणारा स्विच बसवितात. पाणी चढताच तो यंत्रणा बंद करतो. प्लॅस्टिकची नळी तापणाऱ्या धुराड्यास टेकू देऊ नये. निचऱ्याची नळी सांडपाण्याच्या नळास थेट जोडल्यास दूषित वायू हवामार्गात येतात. म्हणून तेथे मोकळे अंतर सोडतात.

प्रशीतकाचे काम : या टप्प्यावर साध्या हत्यारांची व हौशी कारागिराची मर्यादा संपते. आर-४१०ए या प्रशीतकाचा उन्हाळ्यातील उच्च बाजूचा दाब वातावरणीय दाबाच्या २५ पटींहून अधिक असतो. निसटणारे द्रव कातडीवर पडल्यास हिमदाह होतो व डोळ्यांस इजा पोहोचते. संयुक्त संस्थानांत प्रशीतक हाताळण्यासाठी १४ नोव्हेंबर १९९४ पासून प्रमाणपत्र आवश्यक आहे. प्रशीतक जाणूनबुजून हवेत सोडणे हा गुन्हा आहे. जुन्या यंत्रणेतील प्रशीतक आधी टाकीत परत काढून घ्यावे लागते.

नळ्यांचे सांधे ब्रेझिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उच्च तापमानाच्या झाळकामाने जोडतात. त्या वेळी नळीतून नायट्रोजनाचा मंद प्रवाह चालू ठेवतात. तसे न केल्यास तांब्यावर आतून ऑक्साइडाची खपली धरते व ती पुढे प्रसरण झडपेत अडकते. ज्योतीच्या संपर्कात आलेल्या प्रशीतकापासून हायड्रोजन फ्ल्युओराइड व क्लोरीनयुक्त प्रशीतकापासून फॉस्जिन यांसारखे घातक वायू तयार होऊ शकतात. म्हणून मंडल रिकामे केल्याखेरीज ज्योत लावत नाहीत व जागा हवेशीर ठेवतात. गळती तपासण्यासाठी कोरडा नायट्रोजन भरतात. ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण संपीडकातील तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होतो. त्यानंतर निर्वात पंपाने मंडलातील दाब पाऱ्याच्या सु. अर्ध्या मिमी.पर्यंत उतरवून हवा व ओलावा काढून टाकतात आणि मगच प्रशीतक भरतात.

नवी प्रशीतके : ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रिऑल करारान्वये क्लोरीनयुक्त प्रशीतके टप्प्याटप्प्याने बंद झाली, संयुक्त संस्थानांत आर-२२ या प्रशीतकाचे नवे उत्पादन व आयात २०२० च्या प्रारंभी थांबली. त्याची जागा घेणाऱ्या आर-४१०ए या मिश्रणाची जागतिक तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २,०९० पट आहे. १ जानेवारी २०२५ पासून ७०० पेक्षा अधिक तापनक्षमतेच्या प्रशीतकांवर चालणाऱ्या नव्या घरगुती यंत्रणांची निर्मिती व आयात यांवर निर्बंध आला. त्यामुळे आर-३२ (तापनक्षमता ६७५) व आर-४५४बी (सु. ४६५) ही प्रशीतके पुढे आली.

ही दोन्ही सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतात; शिवाय त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. भट्टीच्या डोक्यावरील वेटोळ्यातून गळणारी वाफ खाली ज्वालकाकडे उतरू शकते. म्हणून नव्या वेटोळ्यांजवळ गळती ओळखणारा संवेदक ठेवतात. इशारा मिळताच संपीडक बंद होतो व पंखा चालू होऊन वाफ घरभराच्या हवेत विरळ केली जाते. जुन्या भट्टीवर असे वेटोळे बसविताना तिचे नियंत्रण या आज्ञा पाळू शकेल अशी जोडणी करणे अनिवार्य आहे. आर-४१०ए साठी बनविलेले वेटोळे व नव्या प्रशीतकाचा बाहेरील संच यांची सांगड घालू नये.

चाचणी व देखभाल : काम पूर्ण झाल्यावर शीतनाची व भट्टीची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. शीतनात वेटोळ्यापूर्वीच्या व नंतरच्या हवेच्या तापमानांत सु. ९ ते १२ अंशांचा फरक अपेक्षित असतो. भट्टी उन्हाळ्यातही थोडा वेळ पेटवून तापमानवाढ, ज्योतीची स्थिरता व धुराड्याची ओढ पाहतात. पंखा सुरू होताच ज्योत हलू लागल्यास विनिमयकास भेग पडल्याचा संशय घ्यावा. बऱ्याच शहरांत या कामासाठी परवाना व नंतर निरीक्षकाची तपासणी आवश्यक असते. तिचा हेतू हाच आहे.

गाळणी वेळोवेळी बदलणे, निचऱ्याची नळी मोकळी ठेवणे, बाहेरील संचाभोवतीचा पालापाचोळा काढणे व कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण झोपण्याच्या खोल्यांजवळ बसवून ते तपासत राहणे, ही कामे गृहस्थाने स्वतः करण्याजोगी आहेत. कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने संयुक्त संस्थानांत दरवर्षी ४०० हून अधिक माणसे दगावतात. सदोष भट्टी हे तिच्या कारणांपैकी एक आहे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर व गुंगी ही लक्षणे घरातील अनेकांना एकाच वेळी जाणवू लागली व बाहेर गेल्यावर कमी झाली, तर तो पडसे-तापाचा प्रकार न समजता सर्वांनी ताबडतोब घराबाहेर पडावे, बाहेरून अग्निशामक दलास कळवावे आणि तपासणी होईपर्यंत भट्टी पुन्हा पेटवू नये.